तुळशीचे बी रुजवून व्हडल्या दिवाळीपर्यंत वृंदावनात रोप लावता येईल का?

अबोली, फोंडा

नमस्कार. आमच्या अंगणातल्या चिऱ्यांच्या वृंदावनातली कृष्ण तुळस आता जून झाली आहे. खोड लाकडासारखे झाले असून खालची पाने गळून गेली आहेत आणि शेंड्याकडच्या दोन-चार डहाळ्याच काय त्या टवटवीत दिसतात. सासूबाईंचे म्हणणे असे की, नवे रोप विकत आणण्यापेक्षा याच तुळशीच्या मंजिऱ्यांतले बी रुजवावे आणि कार्तिक द्वादशीला, म्हणजे आपल्या गोव्यातल्या व्हडल्या दिवाळीला (तुळशीच्या लग्नाला), नवरदेव म्हणून दिंड्याची काठी त्याच तुळशीच्या रोपाशेजारी रोवली जावी. त्यांनी मंजिऱ्या सुकवून काचेच्या बाटलीत जपून ठेवल्या आहेत. मे महिना लागला आहे, तेव्हा पावसाआधी पेरावे की पाऊस सरल्यावर, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरी अडचण बियांचीच आहे. घरच्या बियांना जोड म्हणून बाजारातून ‘तुळशीचे बी’ असे लिहिलेली एक पुडीही आणली. तिच्यातले बी काळे असून पाण्यात टाकताच त्याच्याभोवती पांढुरका बुळबुळीत थर चढतो. घरचे बी मात्र तांबूस आणि त्याहून बारीक आहे, आणि पाण्यात जवळजवळ जसेच्या तसे राहते. ही दोन्ही बिया तुळशीचीच असू शकतात का?

तिसरे असे की, घरचे थोडे बी दोन कुंड्यांत टाकून पाहिले. एका कुंडीतली रोपे चांगली उगवली, पण दोन पानांवर असतानाच मातीलगत बारीक होऊन आडवी पडली. दुसऱ्या कुंडीतले बी मुंग्यांनी वाहून नेले. जी थोडी रोपे वाचली आहेत ती स्वच्छ हिरवी दिसतात, आणि मूळ तुळस तर चांगली जांभळट काळी आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

माडावळ, पेडणे

अबोलीताई, आधी पुडीचा निकाल लावू. पाण्यात पडल्यावर काही मिनिटांत फुगून ज्याभोवती जेलीसारखे कवच चढते ते बी सब्जाचे, म्हणजे आपण सरबतात आणि फालुद्यात घालतो तेच. सब्जा हा तुळशीच्याच कुळातला असला तरी ती वेगळी जात आहे. त्याचे पान मोठे, गुळगुळीत आणि गोडसर वासाचे असते. अंगणातल्या तुळशीचे शास्त्रीय नाव ओसिमम टेन्युइफ्लोरम (जुन्या पुस्तकांत ओसिमम सँक्टम), तिच्या कोवळ्या खोडावर बारीक लव असते आणि पान चुरडले की लवंगेची आठवण करून देणारा वास येतो, कारण लवंगेतले युजेनॉल हेच द्रव्य तिच्या तेलातही असते. तेव्हा पुडीतले बी चटणीसाठी आणि सरबतासाठी परसात खुशाल पेरावे, वृंदावनासाठी मात्र बाटलीतलेच घ्यावे.

मंजिरीतून बी काढणे हे काम सोपे असले तरी सावकाश करण्यासारखे आहे. वाळलेली मंजिरी उलटी धरून पाहिली तर प्रत्येक फुलाच्या जागी एक लहानशी, ओठ काढल्यासारखी सुकी वाटी दिसते आणि तिच्या तळाशी जास्तीत जास्त चार बिया बसलेल्या असतात. देठाकडच्या वाट्या आधी पिकतात, शेंड्याकडच्या मागाहून, त्यामुळे टोक हिरवे असताना तोडलेल्या मंजिरीत वरचे बी पोचट निघते. मंजिऱ्या कागदावर तळहाताने हलकेच चोळाव्यात, चहाच्या गाळणीतून चाळाव्यात आणि भुसा फुंकून टाकावा. बी मिलिमीटरभराचे असल्यामुळे फुंकर जपून घालावी. पंखा चालू असलेल्या खोलीत हे काम करू नये.

आता पेरणी. तुळशीचे बी उगवायला प्रकाश लागतो आणि ते इतके बारीक असते की खोल गेले तर कोंबाला वर येण्याइतका साठा त्यात नसतो. ‘बी उगवत नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते तिचे कारण पुष्कळदा ते मातीखाली गाडले गेलेले असते एवढेच असते. बोटभर खड्डा करून त्यात चिमूटभर बी टाकण्याची आपल्याकडची रीत भेंडी-दोडक्याला ठीक आहे, तुळशीला नाही. पसरट कुंडी किंवा भोके पाडलेला ट्रे घ्यावा. चाळलेली तांबडी माती, पूर्ण कुजलेले शेणखत आणि नारळाच्या सोडणांचा भुसा समभाग घेऊन त्यात मूठ-दोन मूठ नदीची वाळू मिसळावी. सोडणांचा भुसा आधी गोड्या पाण्यात दोन-तीन वेळा धुऊन घ्यावा, कारण त्यात क्षार असतात आणि सोडणे खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतील तर ते आणखी वाढतात. समुद्राची वाळू कितीही धुतली तरी वापरू नये, असे माझे मत आहे.

माती आधी पूर्ण भिजवून पाणी निथळू द्यावे. मग बियांत पाच-सहा पट कोरडी बारीक वाळू मिसळून चिमटीने वरच्या वर भुरभुरावे आणि तळहाताने किंवा लाकडी फळीने हलकेच दाबावे. वर माती घालायचीच असेल तर बी जेमतेम झाकेल इतकीच चाळून घालावी. त्यानंतर वरून झारी धरू नये. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून पाणी शोषू द्यावे आणि पृष्ठभाग ओला दिसू लागला की उचलून घ्यावा. आपल्याकडच्या उष्म्यात साधारण आठ ते बारा दिवसांत कोंब दिसू लागतात, काही बिया त्यानंतरही आठवडाभर मागे राहतात, म्हणून ट्रे लवकर उलटा करू नये.

वेळेचा हिशेब असा की, पेरणीपासून सुमारे सहा आठवड्यांत रोप चार-पाच पानांच्या जोड्यांवर येऊन बोटभर उंचीचे होते आणि हलवण्याजोगे होते. आज पेरले तर जूनच्या उत्तरार्धात ते हलवायला येईल, म्हणजे नेमक्या मुसळधार पावसात. म्हणून त्या वेळी ते थेट वृंदावनात न लावता मोठ्या कुंडीत लावून पडवीच्या कडेला ठेवावे आणि चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, पावसाचा जोर ओसरला की वृंदावनात न्यावे. तोवर दीड-दोन वीत उंचीचे, फांद्या फुटलेले रोप हाती असेल. व्हडल्या दिवाळीला तुमची तुळस वृंदावनात मुळे धरून उभी असेल, याबद्दल मला शंका वाटत नाही.

शेवंती, डिचोली

मुंग्यांपुरते सांगते. बियांचा ट्रे विटेवर आणि वीट पाणी भरलेल्या पसरट थाळीत ठेवली की मुंग्या पोहोचत नाहीत; फक्त ट्रेची कड भिंतीला किंवा शेजारच्या झाडाच्या पानाला टेकता कामा नये, नाहीतर त्यांना पूल मिळतो. थाळीतले पाणी एक दिवसाआड बदलावे, त्यात डासांच्या अळ्या होतात. मुंग्यांची पावडर ट्रेत टाकू नये, कारण त्याच तुळशीचे पान पुढे आपण नैवेद्यावर ठेवणार आहोत.

कुळागर, सावईवेरे

माडावळ यांनी पेरणी उत्तम सांगितली आहे, मी रोपे आडवी पडण्याबद्दल आणि पावसाबद्दल लिहितो.

रोप मातीलगत सुतासारखे बारीक होऊन कोलमडते तेव्हा तो रोपमरीचा बुरशीजन्य रोग असतो. पिथियमसारख्या बुरशी ओल्या, कोंदट मातीत असतातच. दाट पेरणी, वरून पडणारे पाणी, अर्धवट कुजलेले शेण आणि वाऱ्याचा अभाव या चार गोष्टी एकत्र आल्या की त्या एका रात्रीत अर्धा ट्रे झोपवतात. एकदा आडवे पडलेले रोप वाचत नाही. बाजूची वाचवायची असतील तर पडलेली रोपे भोवतालच्या मातीसकट चमच्याने काढून टाकावीत, पाणी थांबवावे आणि ट्रे सकाळचे ऊन व वारा लागेल अशा ठिकाणी ठेवावा. दाट उगवलेली रोपे उपटून विरळ करू नयेत, शेजारच्यांची मुळे हलतात. ती कात्रीने मातीलगत कापावीत. शेणखत वापरताना त्यात ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळून आठवडाभर ओलसर सावलीत ठेवले तर पुष्कळ फरक पडतो. ही पावडर कृषी सेवा केंद्रांत मिळते, आणि आपल्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयातही विचारून पाहावे. आमच्याकडे सुपारीच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण (मोरचूद व चुन्याचे बुरशीनाशक) तयार असते आणि कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, असलेल्या माणसाचा हात साहजिकच त्याकडे जातो; पण तुळशीचे पान तीर्थात पडते आणि तोंडात जाते, तेव्हा तो मोह टाळावा.

गोव्याच्या पावसाचे गणित वेगळे आहे, हे घाटावरचे बागकामाचे सल्ले वाचताना आपण विसरतो. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. तुळशीला पाणी आवडते, पण मुळाशी साचलेले पाणी आणि सलग आठवडाभर न दिसलेला सूर्य तिला सोसत नाही. त्यामुळे पावसाळ्यात रोप जगवायचे म्हणजे त्याला पाणी कमी कसे मिळेल हे पाहायचे. कुंडी पडवीच्या आत फार ओढून ठेवली तर उजेड मिळत नाही आणि रोप लांबुडके, पिवळट होते. बाहेर ठेवली तर पागोळ्यांची धार नेमकी मातीवर पडते आणि रोपाचे मूळ उघडे पडते. पागोळ्यांच्या रेषेच्या हातभर आत, दक्षिणेकडे किंवा पूर्वेकडे तोंड असलेल्या कडेला, विटांवर उचललेली कुंडी हा मधला मार्ग. दुसरे म्हणजे गोगलगायी. पहिल्या पावसाबरोबर मोठ्या आफ्रिकी गोगलगायी बाहेर पडतात आणि कोवळे रोप रात्रीत फस्त करतात. संध्याकाळी विजेरी घेऊन फेरी मारणे आणि त्या वेचणे हाच खात्रीचा उपाय आहे. वेचताना हातात पिशवी किंवा मोजा असावा.

हिरव्या रोपांबद्दल: तुळशीच्या फुलांवर मधमाश्यांची सतत ये-जा असते आणि परागीकरण बहुतांशी परस्पर होते. शेजारच्या अंगणात राम तुळस असेल तर तुमच्या कृष्ण तुळशीच्या बियांतून हिरवी, जांभळी आणि मधल्या रंगाची, अशी सर्व प्रकारची रोपे निघू शकतात. त्यात पुन्हा जांभळा रंग उन्हावर अवलंबून असतो, सावलीतले कृष्ण तुळशीचे रोपही हिरवट राहते. म्हणून सहा-आठ पाने होईपर्यंत आणि चांगले ऊन मिळेपर्यंत कोणतेही रोप टाकू नये. देठ आणि पानाच्या मागच्या शिरा पाहाव्यात, रंग आधी तेथे उतरतो. तोच रंग हवा असेल तर बियांबरोबर छाटेही लावून ठेवा. मंजिरी नसलेल्या डहाळीचा वीतभर तुकडा घेऊन खालची पाने काढावीत आणि तो ओल्या वाळूत खोचून सावलीत ठेवावा. दोनेक आठवड्यांत मुळे फुटतात. बियांचे रोप हे त्या तुळशीचे लेकरू, तर छाटा म्हणजे तीच तुळस. सासूबाईंना नेमके काय हवे आहे, हे एकदा त्यांनाच विचारावे.

पागोळी, काणकोण

वरच्या प्रतिसादांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण मे महिन्यात पेरून पावसाळाभर रोप सांभाळत बसण्याचा आग्रह मला पटत नाही. वृंदावनाच्या पायथ्याशी पाहावे. मंजिऱ्यांतले बी वर्षभर आपोआप गळत असते आणि पावसाची पहिली सर येऊन गेली की चिऱ्यांच्या फटीत, अंगणाच्या कडेला, न्हाणीच्या पन्हळीजवळ तुळशीची असंख्य रोपे कोणी न पेरता उगवतात. त्यांपैकी पावसाला पुरून उरतात ती काटक असतात. ऑगस्टच्या शेवटी त्यातली जाडसर खोडाची चार-पाच निवडून मातीच्या गोळ्यासकट कुंडीत लावली, तरी कार्तिकापर्यंत हातात दोन-अडीच महिने असतात. अंगण सारवलेले असो की पेव्हर बसवलेले असो, कडेची हातभर जागा झाडूविना ठेवायला हवी. कारण हल्ली ही रोपे पावसाने मरत नाहीत, ती स्वच्छतेच्या हौसेपायी तणाबरोबर उपटली जातात. पहिल्या दोन पानांवर तुळस ओळखता येत नाही, ती पाने अर्धगोल आणि साधी असतात. नंतरच्या जोडीला कडेने दाते दिसतात आणि त्या जोडीचे पान बोटांत चुरडले की वासाने खात्री पटते.

अबोली, फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. ट्रे थाळीत ठेवला आहे आणि मुंग्या थांबल्या आहेत. सासूबाईंना विचारले, त्यांना रंगापेक्षा बियांपासून रोप करण्याचेच समाधान अधिक आहे, तरीही दोन छाटे वाळूत खोचले आहेत. आता वृंदावनाविषयी विचारते. याआधीच्या तुळशीही दोन-तीन वर्षांच्या वर टिकल्या नाहीत असे घरात सांगतात. तो दोष रोपाचा की वृंदावनाचा?

कुळागर, सावईवेरे

थोडा रोपाचा स्वभाव आणि बराचसा वृंदावनाचा. तुळस बहुवर्षायू असली तरी दीर्घायुषी नाही. सतत मंजिऱ्या येऊ दिल्या तर ती सगळी शक्ती बियांत घालते आणि लवकर जून होते. चार मंजिऱ्या बियांसाठी ठेवून बाकीच्या कोवळ्या असतानाच खुडल्या आणि सहा-आठ पानांवर असताना शेंडा एकदा खुडला, तर झुडूप डेरेदार होते आणि आयुष्यही वाढते. एकादशीला, द्वादशीला किंवा रविवारी तुळस न तोडण्याचा ज्यांच्या घरी रिवाज आहे त्यांनी इतर दिवस धरावेत, झाडाला त्याने काही फरक पडत नाही.

वृंदावनाचा दोष पाहायचा असेल तर त्यात बादलीभर पाणी ओतून पाहावे. वरच्या खळग्यात पाणी तासाभरानेही दिसत असेल तर खाली वाट नाही, हे निश्चित. जुन्या चिऱ्यांच्या वृंदावनांत पाणी चिऱ्यांतून आणि सांध्यांतून झिरपत असे. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि मग तैलरंग चढला की तेच वृंदावन आतून बंद होते. गवंड्याकडून खळग्याच्या तळापासून बाजूला उतरते भोक पाडून त्यात पाइपचा तुकडा बसवून घ्यावा, तळाशी कौलांचे किंवा विटांचे तुकडे घालावेत आणि माती दरवर्षी पाऊस सरल्यावर वरची अर्धी तरी बदलावी. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी असते, तर ताज्या सिमेंटलगतची माती उलट चुनखडीच्या बाजूला झुकते. नव्या गिलाव्याच्या वृंदावनात रोप पिवळे पडते त्याचे हेही एक कारण आहे. अशा वेळी महिनाभर रोज पाणी घालून खळगा धुऊन घ्यावा, मग माती भरावी.

पूजेची भरही तुळशीला बाधते, हे बोलायला जरा अवघड वाटते, पण लिहितो. खोडाभोवती साठलेली फुले व अक्षता कुजतात आणि खोडाची साल मऊ पडते. दुधाने व साखरेने मुंग्या येतात आणि मुंग्यांमागून पिठ्या ढेकूण येतात. समईचे तेल मातीत उतरले की माती पाणी शोषत नाही. पणतीसाठी वृंदावनाला देवळी असते ती याच कारणासाठी वापरावी. पावसाळ्यात रोजचे पाणी पळीभर घातले तरी पूजा पूर्ण होते.

माडावळ, पेडणे

यात एक भर घालतो. वृंदावन समुद्राच्या किंवा खाजनाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या सखल शेतजमिनीच्या) जवळ असेल तर उन्हाळ्यात विहिरीचे पाणी मचूळ होते. पानांच्या कडा करपू लागल्या तर आधी पाणी चाखून पाहावे, औषधे नंतर.

आणि नोव्हेंबरनंतर पाने वाटीसारखी वळून वाळू लागली तर ती उलटून पाहावीत. काळे ठिपके आणि जाळीदार पंखांचे दोन-तीन मिलिमीटरचे किडे दिसले तर तो तुळशीवरचा जाळीपंखी ढेकूण आहे, पाणी कमी पडल्याचे ते लक्षण नव्हे. वळलेले शेंडे काढून पिशवीत बांधून टाकावेत, पानांच्या खालच्या बाजूने पाण्याची जोरदार फवारणी करावी, आणि तरीही राहिला तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल व चार थेंब पातळ साबण मिसळून ऊन उतरल्यावर फवारावे. त्यानंतर काही दिवस त्या झाडाची पाने तीर्थासाठी घेऊ नयेत.

शेवंती, डिचोली

बाटलीतले सगळे बी एकदम पेरू नये, अबोलीताई. निम्मे आता, थोडे जूनमध्ये पडवीत आणि उरलेले ऑक्टोबरमध्ये पेरावे. उरलेल्या बियांत कोरडी राख मिसळून बाटलीला घट्ट बूच लावावे आणि ती पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठी साठवलेल्या जिनसांच्या) डब्यांशेजारी कोरड्या जागी ठेवावी. आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत उघड्या पुडीतल्या बियांना बुरशी येते. बाटलीवर वर्ष मात्र जरूर लिहून ठेवावे.